वहिनींनी मिशरी लावली नव्हती

माझ्या थोरल्या भावाच्या घरात एक म्हण आहे. कुणी पथ्य धरलं आणि चार दिवसांत मोडलं, गोड सोडलं म्हणून सांगितलं आणि लपून पेढा खाल्ला, की त्याला म्हणतात, "म्हातारीचा भंडारा हाय ह्यो." मग सगळे हसतात. नव्याने आलेल्या सुनासुद्धा आता ती म्हण सहज वापरतात. त्यातली म्हातारी म्हणजे माझी वहिनी. भंडारा म्हणजे खंडोबाची हळद. ती हातात घेऊन दिलेला शब्द आमच्यात मोडत नाहीत. वहिनींनी तो मोडला, ही गोष्ट त्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. ठाऊक आहे ती माझ्यामुळे, आणि ती खरी नाही.

मी दातांचा डॉक्टर. आमचे वडील मेंढरं घेऊन फिरत. पुढे इंदापूर तालुक्यातल्या आमच्या जमिनीला कालव्याचं पाणी आलं आणि दादाने कळप विकून ऊस लावला. चार मेंढ्या तेवढ्या घरामागे ठेवल्या; सकाळी मेंढराचा आवाज कानावर पडला नाही तर त्याला करमत नसे. मला त्याने शिकवलं. मी बारामतीत एसटी स्टँडजवळ दवाखाना टाकला. नव्वदच्या दशकात मुलांच्या शाळेसाठी माझी बायको पुण्याला राहायची आणि मी दवाखान्याच्या वरच्या खोलीत एकटा. रविवार आला की इंदापूरची गाडी धरायची, फाट्यावर उतरायचं आणि चालत घरी जायचं, असा माझा क्रम होता. ओट्याशी पोचलो की वहिनी आतूनच विचारायच्या, "जेवून आला न्हाय न्हवं?" आठवडाभरात मला एवढं एकच कुणी आपुलकीने विचारत असे.

वहिनींचा वरचा पुढचा दात हापशाच्या दांड्याने गेला. पाणी हापसताना हात निसटला आणि दांडा उसळून तोंडावर आला. मूळ मीच काढलं. त्यानंतर त्या बोलताना पदर तोंडाशी धरू लागल्या. काढता-घालता येणारा दात करून देतो म्हटलं तर म्हणाल्या, "मेल्यावर काढून ठिवाया बरा. जित्यापणी नगं."

त्याच सुमारास मी मुंबईला जाऊन इम्प्लांट शिकून आलो होतो. जबड्याच्या हाडाला भोक पाडायचं, त्यात टायटॅनियमचा स्क्रू बसवायचा, वर हिरडी शिवून टाकायची आणि थांबायचं. हाड त्या धातूला परका मानत नाही. ते त्याच्या अंगाला येऊन चिकटतं, आटे भरून काढतं आणि धातू आपल्यात घेतं. मग वर दात बसवायचा. आमच्या भागात तेव्हा हे कुणी करत नव्हतं. सामान माझ्याकडे आलं होतं, पण तोंड उघडायला कुणी तयार नव्हतं. बारामतीच्या व्यापाऱ्याला किंवा वकिलाला मी असं सुचवलं असतं, तर त्याने आधी विचारलं असतं, डॉक्टर, आजवर किती केलेत? वहिनी ते विचारणार नव्हत्या. पुढे मी सगळ्यांना सांगत आलो की, वहिनींची अडचण बघवेना म्हणून मी ते केलं. अडचण बघवत नव्हती हे खरंच. पण मला पहिला रोगी हवा होता, हेही तितकंच खरं आहे.

एका रविवारी जेवणं झाल्यावर मी दोघांना हे समजावून सांगितलं. दादाने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजे खिळा हाडात धरायचा. आंब्याचं कलम धरतं तसा?" मी हो म्हणालो. फक्त एक अट आहे, मिशरी सोडावी लागेल. तंबाखू लागत राहिला तर हाड धरत नाही. यावर दादा मोठ्यानं हसला. म्हणाला, "आमी बापाची मेंढरं सोडली, पण हिची मिशरी सुटायची न्हाय."

वहिनी उठून आत गेल्या. देव्हाऱ्यातून बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या मुठीत भंडारा होता. तो त्यांनी स्वतःच्या कपाळाला लावला, मग दादासमोर मूठ उघडली.

"उचलला बगा. आता हसा."

दादाचं हसू तिथंच थांबलं. असल्या कामात तो चेष्टा करत नसे.

पुढच्या आठवड्यात मी दवाखान्यात इम्प्लांट बसवला. हाडात ड्रिल फिरत असताना त्या डोळे मिटून खुर्चीचे हात धरून बसल्या होत्या. दुखतंय का विचारलं तर मानेनंच नाही म्हणाल्या. नंतर सुजलेल्या ओठांनी म्हणाल्या, "दुखलं न्हाय, पर लाकडाला गिरमिट लावल्यागत वाटलं." स्क्रू चांगला घट्ट गेला होता. शेवटचे आटे फिरवताना माझं मनगट भरून आलं, तेव्हा मला फार आनंद झाला होता.

या घट्टपणाबद्दल आम्हाला शिकवताना बजावलं होतं. सुरुवातीला स्क्रू घट्ट असतो तो पाचर ठोकल्यासारखा. हाड अजून त्याला आपला म्हणत नसतं. ड्रिलने दुखावलेलं हाड शरीर हळूहळू खाऊन टाकतं आणि त्या जागी नवं तयार करतं. जुनं गेलेलं आणि नवं पुरतं न आलेलं, असा मधला काळ असतो. बाहेरून काहीच कळत नाही. सूज उतरलेली असते, दुखत नसतं, रोगी विसरून गेलेला असतो. त्या काळात इम्प्लांटला धक्का लागू द्यायचा नाही. तो किंचितही हलत राहिला तर त्याच्याभोवती हाडाऐवजी मऊ पडदा धरतो, आणि मग हाड तिथं परत येत नाही. वरच्या जबड्याचं हाड विरळ, म्हणून वर सहा महिने थांबा, असं आम्हाला सांगितलं होतं.

त्या दिवसांत वहिनींचं काय चाललं होतं, हे मला उशिरा कळलं. आमच्या आळीत सकाळी बायका हापशाजवळच्या दगडांवर मिशरी लावत बसत. तव्यावर भाजून कुटलेला तंबाखू चिमटीत घ्यायचा, बोटानं दातांवर फिरवत राहायचं आणि अधूनमधून थुंकत बोलायचं. कुणाच्या सुनेला दिवस गेले, कुणाची म्हैस आटली, कोण कुणाशी भांडलं, सगळं तिथं कळायचं. पुरुषांना वाटे बायका दात घासतात. वहिनी पहिले काही दिवस नुसत्याच जाऊन बसल्या. वासाने जीव कासावीस होई. एकीने डबी पुढे केली, दुसरी म्हणाली, आता डाक्तरीणबाईला आपली मिशरी कशी चालंल. मग त्यांनी जाणं बंद केलं. त्या वेळात त्या घरामागे मेंढ्यांपाशी जाऊन बसू लागल्या.

टाके काढले त्या दिवशी मी विचारलं, मिशरीवाचून जड जातंय का?

"मिशरीचं काय न्हाय," त्या म्हणाल्या. "सकाळ लय मोठी झालीय, भावजी."

मी हसलो आणि टाक्यांकडे बघत राहिलो.

त्यांच्या हिरड्या मात्र बघण्यासारख्या झाल्या होत्या. मिशरी लावणाऱ्या बाईच्या हिरड्या दातांमधल्या चिंचोळ्या जागी काळपट असतात आणि खालच्या ओठाच्या आत, जिथं बोट फिरतं, तिथं कातडी पांढुरकी, सुरकुतलेली होते. वहिनींच्या ओठाच्या आतली ती सुरकुती दर खेपेला पुसट होत गेली आणि तिसरा महिना लागायच्या आधी जवळपास दिसेनाशी झाली. एवढं मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं. पुढचं वाचताना हे लक्षात ठेवावं.

पुण्यात दातांच्या डॉक्टरांची एक सभा व्हायची होती. तालुक्याच्या गावात इम्प्लांट, असा विषय घेऊन मी तिथं बोलणार होतो. माझ्यापाशी स्क्रूचे फोटो होते, पण दाताचा नव्हता. हसऱ्या चेहऱ्याचा तर नव्हताच. सहा महिने थांबलो असतो तर सभा होऊन गेली असती. तिसऱ्या महिन्यातच मी हिरडी उघडली, दात बघायच्या आरशाच्या दांड्याने इम्प्लांटवर टकटक केली. खणखणीत आवाज आला. मऊ पडदा धरलेला असता तर आवाज बद्द आला असता. मी स्वतःला समजावलं की आवाज चांगला आहे, वहिनींचं हाड शेतात राबलेल्या बाईचं आहे, पुस्तकातले सहा महिने शहरातल्या लोकांसाठी असतील. माप घेतलं, पुण्याहून दात करून आणला आणि बसवला.

दात देखणा होता. वहिनींनी आरशात बघितलं आणि पदर खाली घेतला. मग दोन-तीन वेळा दात मिटून बघितले.

"भावजी, खालचा दात ह्याला लागतोय."

तो लागत होता. किंचित लांब झाला होता. शेजारच्या दाताशी त्याची टोकं जुळावीत म्हणून मीच लांब ठेवला होता. घासून कमी केला असता तर फोटोत आखूड दिसला असता. मी म्हणालो, सवय होईल. त्या म्हणाल्या, बरं. त्यांना हसायला सांगून मी फोटो काढला.

सभेत तो फोटो पडद्यावर आला तेव्हा लोकांनी टाळ्या वाजवल्या. चहाच्या वेळी एका वयस्क डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन विचारलं, वरचा दात ना हा? किती थांबलात? मी खोटं सांगितलं. तिथून ही खोट्याची सवय सुरू झाली असावी.

नंतर मी तीन-चार रविवार गावी गेलोच नाही. दवाखान्यात गर्दी वाढली होती. दादाचा निरोप आला की खिळा हलतोय. दोघं एसटीने आली. मी बोट लावलं आणि बोटाला कळलं. वहिनींना दुखत नव्हतं. दुखलं असतं तर त्या आधी आल्या असत्या. टकटक केली, लाकडी फळीवर भाकरीचं पीठ आपटावं तसा आवाज. दात आणि खालचा स्क्रू दोन्ही हातानेच फिरवून बाहेर आले. स्क्रूला हाडाचा कणही लागलेला नव्हता. ओल्या शेवाळासारखा एक पातळ पडदा तेवढा चिकटून आला.

मी भोक साफ केलं, वहिनींच्या तोंडात कापसाची घडी ठेवली आणि म्हणालो, घट्ट दाबून धरा, अर्धा तास बोलू नका.

दादा खुर्चीशेजारी उभा होता. आधी काढलेली क्ष-किरणाची छोटी फिल्म अजून ओली होती. ती त्याने चिमट्यासकट उचलून खिडकीकडे धरली. पांढऱ्या स्क्रूभोवती दोन्ही बाजूंनी काळी रेघ होती. जिथं हाड नसतं तिथं फिल्म काळी दिसते. ती रेघ म्हणजे फक्त रिकामी जागा. पण दादाने ती पुन्हा पुन्हा बघितली, मग बायकोकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"ही काळी दिसतीय ती मिशरी व्हय रं?"

त्याला खरंच तसं वाटलं. मिशरी काळी, रेघ काळी. मी तेव्हाच हसून नाही म्हणायला हवं होतं. वहिनी माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या डोळ्यांत काळजी नव्हती, हे मला आजही दिसतं. मी खरं तेच सांगणार, अशा खात्रीने त्या बघत होत्या.

मी म्हणालो, "तंबाखूनं असंच होतं, दादा."

वहिनींचा हात तोंडाकडे गेला. कापूस काढावा म्हणून गेला असेल. मी सांगितलेलं त्यांना आठवलं असावं, कारण हात अर्ध्यावरून परत मांडीवर आला. दादाने फिल्म ट्रेमध्ये ठेवली. "बोलायचं काय राहिलंय आता," एवढंच तो म्हणाला. तो बायकोवर ओरडणारा माणूस नव्हता. ओरडला असता तर बरं झालं असतं. दोघं पायऱ्या उतरून स्टँडकडे गेली. मी खिडकीतून बघत होतो. दादा पुढे चालत होता, वहिनी बऱ्याच मागे, तोंडाशी पदर धरून.

घरी गेल्यावर त्या बोलल्या. दादाला सांगितलं, सुनेला सांगितलं, की मी लावली नाही. पण डॉक्टरचा शब्द आणि बाईचा शब्द यांत दादाने डॉक्टरचा धरला. शिवाय तो डॉक्टर त्यानेच शिकवलेला होता. आळीतल्या बायकांना वेगळंच लागलं. आमच्यात बसणं सोडून थोरवी मिरवली आणि घरात दार लावून मिशरी लावत होती, असं त्यांना वाटलं. मग दगडांवरची जागा त्यांनी स्वतःहून दिली असती तरी वहिनींनी घेतली नसती.

त्या वर्षी खंडोबाच्या चंपाषष्ठीला मी गेलो. तोवर नैवेद्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा वहिनीच करत आल्या होत्या. या वेळी चुलीशी सून होती. दादाने काही मना केलं होतं असं नाही. वहिनी आपण होऊनच बाजूला झाल्या होत्या, आणि त्यांना कुणी परत बोलावलं नव्हतं. तळी भरताना ताम्हणाला पाच पुरुषांचे हात लागतात. दादाने मला हाक मारली. मी जाताना मनाशी ठरवलं होतं की, तळी उचलण्याआधी सगळ्यांसमोर सांगायचं. ताम्हणात भंडारा होता, खोबरं होतं. वहिनी स्वयंपाकघराच्या दाराच्या आत उभ्या होत्या. "सदानंदाचा येळकोट" म्हणून सगळे ओरडले, आणि माझाही आवाज त्यांत निघाला. भंडारा उधळला. माझ्याही कपाळाला कुणी तरी लावला.

त्यानंतर मी गावी जाणं कमी केलं. कामाचं निमित्त असायचंच. बारामतीच्या खोलीत रविवारी दुपारी मी खानावळीचा डबा उघडून बसे आणि खाली इंदापूरच्या गाडीची घंटी ऐकत असे. इम्प्लांट मी नंतर पुष्कळ बसवले, आणि प्रत्येकाला पुरते सहा महिने थांबवलं. कुणी घाई केली तर चिडत असे. लोक म्हणत, डॉक्टर फार शिस्तीचे.

दशक सरता सरता दादा गेला. दहावा झाला, पाहुणे पांगले. वहिनी घरामागे मेंढ्यांपाशी बसल्या होत्या. मी जाऊन शेजारी बसलो आणि सगळं सांगितलं. सहा महिन्यांचं, सभेचं, लांब ठेवलेल्या दाताचं, काळ्या रेघेचं. बोलताना मला रडू आलं. त्यांना आलं नाही. त्या हातातल्या काडीने जमिनीवर रेघोट्या मारत ऐकत होत्या.

"मी लावली न्हाय हे मला काय सांगता, भावजी," त्या म्हणाल्या. "मला ठावंच हाय की. सांगायचं व्हतं ते त्यास्नी."

मग उठून आत गेल्या. जाताना म्हणाल्या, चहा ठेवते.

त्यांनी मला त्यानंतरही पूर्वीसारखंच विचारलं, जेवून आला नाही ना. मी आणखी कुणाला सांगितलं नाही. त्यांनीही मला सांग म्हटलं नाही. म्हण तोवर घरात रुळून गेली होती. त्यांच्या देखत ती म्हणत नसत, पण शेजारच्या खोलीत म्हणत. भिंत मध्ये असली तरी ऐकू जायचंच. शेवटच्या आजारात मी त्यांचं तोंड तपासलं. दात गेलेल्या जागेचं हाड झिजून धारेसारखं झालं होतं. बोटाला फक्त एक खळगा लागला. ओठाच्या आतली कातडी गुळगुळीत होती.

आता त्याही नाहीत. माझी बायको गेली, मुलगा लांब असतो, मी अजून त्याच वरच्या खोलीत आहे. गेल्या चंपाषष्ठीला पुतण्याने गाडी पाठवली म्हणून गेलो. पंगतीत त्याने सकाळी दोनदा चहा मागितलेल्या आपल्या मुलीला चिडवलं. तिने चहा सोडल्याचं जाहीर केलं होतं. "म्हातारीचा भंडारा हाय तुझा," तो म्हणाला. सगळे हसले. मी ताटावरचा हात मागे घेतला आणि सांगितलं, वहिनींनी मिशरी लावली नव्हती. खिळा माझ्या चुकीने निघाला. मी दादाशी खोटं बोललो.

पुतण्याने माझ्या ताटात भरीत वाढलं आणि म्हणाला, "जाऊ द्या तात्या. आता काय त्याचं. म्हातारी काय ऐकाया येतीय?" त्याने ते माझ्याच भल्यासाठी म्हटलं. हळूहळू लोक पुन्हा जेवू लागले.

पुतण्याची बायको मात्र वाढणं सोडून तशीच उभी राहिली होती. दादाच्या घरात त्या वर्षापासून नैवेद्य तीच करत आली आहे. आता तिचेही केस पांढरे झाले आहेत. लोक हात धुवायला उठल्यावर ती माझ्यापाशी आली.

"तात्या, मी त्यांची डबी हुडकायची," ती म्हणाली. "उशाखाली, कणगीमागं, मेंढ्याच्या वाड्यात. वरसंवरसं हुडकली. कधीच घावली न्हाय. आन् मी समद्यांस्नी सांगायची, म्हातारी लपवाया लय हुशार हाय."

तिने हातातली पळी खाली ठेवली. मग देव्हाऱ्यासमोर गेली. नैवेद्याच्या पानातला रोडगा मोडून त्यातला एक तुकडा तिने वेगळ्या ताटलीत घेतला, त्यावर भरीत ठेवलं आणि घरामागे गेली. मेंढ्या आता तिथं नाहीत. वहिनी बसायच्या तो दगड अजून आहे. मी तिच्या मागे दारापर्यंत गेलो आणि चौकटीशीच थांबलो.